“डोकं दुखलं तरी सांगणार नाही” असं ठरवलेल्या ताईंना

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

“नमस्कार. मी ४३ वर्षांची. पाच वर्षं नियमित धावतेय, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात. दोन वर्षांपूर्वी एका ट्रेकला ३९०० मीटरवरच्या कॅम्पला रात्री डोकं फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, सकाळी मला एका गाईडबरोबर खाली पाठवलं. बाकी सगळे वर जाऊन आले, त्यात कधी व्यायामाला हात न लावणारा एक जण पण होता. परत आल्यावर ‘स्टॅमिना कमी पडला’ हे इतक्या वेळा ऐकलंय की आता मी दुप्पट तयारी केलीये आणि येत्या सीझनला ५१०० मीटरच्या खिंडीचा ट्रेक बुक केलाय. पहिल्या दिवशी गाडीने थेट ३२०० ला मुक्काम, दुसरा ३९०० ला, तिसरा ४५०० ला, चौथ्या पहाटे खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं. यावेळी ठरवलंय की डोकं दुखलं तरी पेनकिलर घ्यायची आणि कुणाला काही सांगायचं नाही, माझ्यामुळे परत ग्रुप अडकायला नको. अजून कुठला व्यायाम करू म्हणजे त्रास होणार नाही?”

ताई, नमस्कार. व्यायामाचं सांगते पण ते नंतर, कारण तुम्ही जाता जाता जे लिहून गेलात ना, गोळी घ्यायची आणि कुणाला सांगायचं नाही, ते वाचून मला धस्स झालं. बाकी तयारी थोडी कमीजास्त झाली तरी चालेल, पण हा बेत आधी डोक्यातून काढा. नुसतं “असं करू नका” म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही, दोन वर्षं लोकांचं बोलणं मनात ठेवून तयारी करणारं माणूस नुसत्या सल्ल्याने मागे हटत नाही, म्हणून का ते जरा सविस्तर सांगते.

आधी ते “स्टॅमिना कमी पडला” निकालात काढू. हवेत ऑक्सिजन समुद्राकाठी पण साधारण २१ टक्के असतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर पण तेवढाच. वर गेल्यावर कमी होतो तो हवेचा दाब. खालच्या हवेवर वरच्या सगळ्या हवेचं ओझं असतं म्हणून ती दाट, आणि जसजसं वर जाऊ तसं ते ओझं कमी होत हवा विरळ होत जाते. साधारण ५५०० मीटरला दाब निम्म्यावर येतो, एव्हरेस्टच्या ८८४९ मीटरला एक तृतीयांशाच्या आसपास. तुमच्या ५१०० च्या खिंडीत तुम्ही छाती भरून श्वास घेतलात तरी खालच्या एका श्वासात मिळतो त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त ऑक्सिजन आत जाणार, मग तुम्ही मॅरेथॉन धावणाऱ्या असा नाहीतर दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या.

आता शरीर यावर पहिला उपाय करतं तो म्हणजे जोरजोरात आणि भराभर श्वास घेणं. पण त्यात एक अडचण आहे, जास्त श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड पण जास्त बाहेर पडतो, त्याने रक्तातलं आम्ल कमी होतं, आणि मेंदूला वाटतं की आता श्वास पुरे, म्हणून तो ब्रेक लावतो. हा ब्रेक सैल व्हायला किडनीला रक्तातलं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकावं लागतं आणि ते काम घाईने होत नाही, त्याला काही दिवस लागतात. रक्तातल्या लाल पेशी वाढायला तर आठवडे जातात. अ‍ॅक्लमटाइझ होणं म्हणतात ते हेच. धावण्याने पाय तयार होतात, हृदय तयार होतं, दम टिकतो, ते सगळं उपयोगी आहेच, पण किडनीचं हे काम धावून लवकर उरकत नाही. आणि ते कोणाचं किती पटकन होतं हे जन्मतः ठरलेलं असतं बऱ्यापैकी, त्यामुळे व्यायाम न करणारा तुमचा तो सोबती आरामात वर गेला आणि तुम्हाला उलट्या झाल्या यात कसलंही कोडं नाही. उलट फिट माणसाला एक जास्तीचा धोका असतो, तो भराभर चालतो, सगळ्यांच्या आधी कॅम्पला पोचतो, आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. तुम्ही पण तशाच चालला असाल असं मला वाटतं.

वेळेची किंमत किती आहे त्याचं एक उदाहरण मी नेहमी देते. ८ मे १९७८ ला राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर हे दोघं एव्हरेस्टवर ऑक्सिजनचा सिलिंडर न वापरता पोचले, असं करणारे ते पहिलेच. आता समुद्रसपाटीवरच्या एखाद्या माणसाला, कितीही धडधाकट असला तरी, उचलून एकदम त्या माथ्यावर ठेवलं तर तो काही मिनिटांत बेशुद्ध पडेल. हवा तीच, उंची तीच. ते दोघं अफाट दमाचे होतेच, पण वर जायच्या आधी कित्येक आठवडे त्यांनी डोंगरात वरखाली करत काढले होते.

म्हणून आता तुमच्या दिवसांचा हिशोब बघू, कारण माझ्या मते घोळ तिथेच आहे. डॉक्टर लोकांचा साधा ठोकताळा असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोज झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र जास्तीची त्याच उंचीवर काढायची. लक्षात घ्या, हिशोब झोपायच्या उंचीचा आहे, दिवसा तुम्ही वर फिरून खाली आलात तर उलट चांगलंच. तुमच्या प्लॅनमध्ये गाडीतून उतरून पहिलीच रात्र ३२०० ला, मग एकदम ७०० ची उडी, मग ६०० ची, विश्रांतीचा दिवस एकही नाही, आणि लगेच खिंड. हा प्लॅन खूप जणांना झेपत असेलही, पण ज्या माणसाला आधी ३९०० ला उलट्या झाल्यात त्याच्यासाठी हा प्लॅन चुकीचा आहे, हे मी स्पष्ट सांगते. पूर्वी उंचीचा त्रास झाला असेल तर तशाच वेगाने वर गेल्यावर परत होण्याची शक्यता जास्त असते. पूर्वीचा अनुभव हीच त्यातली सगळ्यात विश्वासाची खूण, आणि ती तुमच्याकडे आहे तर ती वापरा.

चांगला प्लॅन कसा दिसतो ते बघायचं असेल तर एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकचे मुक्काम बघा. लुक्ला साधारण २८६० मीटर, तिथून नामचे ३४४० ला पोचले की बहुतेक ग्रुप दोन रात्री तिथेच, दिवसा वर एक चक्कर मारून परत झोपायला खाली, मग हळूहळू डिंगबोचे ४४१० ला परत दोन रात्री, आणि मग पुढे ५३६४ चा बेस कॅम्प. जायलाच आठेक दिवस लागतात, आणि हे जास्तीचे दिवस कुणी आळसापायी घातलेले नाहीत. किलिमांजारोचं पण तसंच, ५८९५ मीटर, पाच दिवसांत उरकणारे पण असतात आणि सात-आठ दिवस घेणारे पण, आणि वर पोचणाऱ्यांचं प्रमाण जास्त दिवस घेणाऱ्यांमध्ये जास्त असतं.

तुमच्या ट्रेकमध्ये अजून एक गोष्ट आहे जी मला माथ्यावर जाऊन त्याच वाटेने परत येणाऱ्या ट्रेकपेक्षा जास्त काळजीची वाटते, ती म्हणजे खिंड. शिखराच्या ट्रेकमध्ये बरं वाटेनासं झालं तर मागे फिरलं की दर पावलाला खालीच जातो आपण. खिंडीच्या ट्रेकमध्ये पलीकडे उतरायचं म्हटलं तर आधी अजून वर चढावं लागतं, आणि एकदा खिंड ओलांडली की मागे फिरायचं म्हटलं तरी चढच, आणि ग्रुपचं सगळं सामान, तंबू, गाड्या पलीकडच्या बाजूला. त्यामुळे खिंडीच्या आदल्या रात्रीच्या कॅम्पला, म्हणजे तुमच्या ४५०० ला, तुम्ही खरं काय वाटतंय ते सांगणं हे अख्ख्या ट्रेकमधलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं आहे. तुम्ही नेमकं तिथेच गोळी घेऊन गप्प राहायचं ठरवलंय.

गप्प राहण्यातला धोका असा की ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा सगळ्यात आधी बिघडते ती आपली स्वतःबद्दलची पारख. १५ एप्रिल १८७५ ला फ्रान्समध्ये तीन जण झेनिथ नावाच्या बलूनमधून ८००० मीटरच्याही वर गेले होते, गॅस्टन टिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. टिसांदिएने नंतर लिहिलं की वर काही दुखत नव्हतं, उलट आतून छान वाटत होतं, आणि जेव्हा नळी तोंडाला लावावी असं मनात आलं तेव्हा हातच उचलेना. तो एकटा जिवंत परत आला. तुम्ही काही ८००० ला जात नाही आहात, आणि चालत जाणाऱ्या माणसाला इतकं अचानक काही होत नाही, पण “मला कळेल ना त्रास वाढला तर” हा जो भरवसा आहे तो उंचावर किती लंगडा पडतो ते यातून दिसतं.

मी स्वतः एकदा हेच केलंय. ४२०० ला डोकं ठणकत होतं आणि मी कुणाला बोलले नाही, दोन दिवस. तिसऱ्या सकाळी बुटाची नाडी बांधायला बसले आणि बांधताच येईना, बोटं नीट होती, थंडी पण फार नव्हती, पण आधी कुठलं टोक कुठे न्यायचं हेच सुचेना, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही, मी तशीच बसून राहिले. तंबूतल्या मैत्रिणीच्या लक्षात आलं, तिने लीडरला हाक मारली, दोघांनी मला धरून खाली आणलं, सातशे-आठशे मीटर उतरल्यावर डोकं एकदम मोकळं झालं आणि तेव्हा कुठे मला कळलं की वर मी काय अवस्थेत होते. ती नसती तर मी त्या दिवशी अजून वर चालत गेले असते, हे मला आजही रात्री आठवतं.

तर काय काय बघायचं ते सांगते. साधा त्रास म्हणजे एएमएस (अक्यूट माउंटन सिकनेस), डोकेदुखी आणि त्याच्या जोडीला मळमळ किंवा भूक मेलेली किंवा चक्कर किंवा वाजवीपेक्षा जास्त थकवा. हे साधारण नव्या उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतं, म्हणून दुपारी कॅम्पला एकदम टवटवीत असलेलं माणूस रात्री कण्हत असतं, तुमचंही तसंच झालेलं. उंचावर बरं वाटत नसेल तर दुसरं कारण नक्की सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरायचं, “काल नीट झोपले नाही”, “गाडी लागली होती”, “ऊन लागलं” ही कारणं आपण फार पटकन शोधतो. एएमएस असताना वर जायचं नाही, बस. तिथेच थांबायचं, बहुतेकांचं एक-दोन दिवसांत आपोआप बरं होतं, आणि वाढत असेल तर खाली.

यापुढचे दोन प्रकार मात्र जिवावरचे. एकात मेंदूला सूज येते, माणूस बरळतो, उलटसुलट वागतो, झोपाळल्यासारखा होतो, आणि मुख्य म्हणजे त्याचा तोल जातो. याची परीक्षा सोपी आहे, जमिनीवर सरळ रेषेत एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत दहा-बारा पावलं चालायला सांगा. सपाट जागेवर हे जमत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी त्याला खाली न्यायचं, आणि एकटं पाठवायचं नाही. दुसऱ्यात फुफ्फुसात पाणी भरतं. हे बहुतेक वेळा वर गेल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान होतं आणि यात डोकं दुखेलच असं नाही, म्हणून लोक फसतात. कालपर्यंत बरोबरीने चालणारं माणूस आज एकदम मागे पडतं, कोरडा खोकला सुरू होतो, आणि बसल्या जागी, काही न करता धाप लागते. चढावर दम लागणं साहजिक आहे, पण थांबून पाचदहा मिनिटं झाली तरी दम उतरत नसेल तर तो वेगळा मामला. पुढे गुलाबीसर फेसाळ थुंकी पडते, पण तिथपर्यंत थांबायचंच नाही. यात पण उपाय तोच, खाली उतरणं, आणि ऑक्सिजन असेल तर तो लावून, रुग्णाला ऊबेत ठेवून आणि शक्यतो स्वतःच्या पायावर जोर न पाडता. ग्रुपकडे सिलिंडर असेल, आजारी माणसाला आत झोपवून हवा भरायची प्रेशर बॅग असेल, औषधं असतील, पण ती सगळी खाली पोचेपर्यंत वेळ मिळवायची साधनं आहेत. हेलिकॉप्टरच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, ढग आले, वारा सुटला, रात्र पडली की ते येत नाही.

पेनकिलरबद्दल. गोळी घेण्यात काही पाप नाही, डोकं दुखतंय तर पॅरासिटामॉल घ्या, पण आधी सांगा आणि मग घ्या. गोळीने डोकेदुखी थांबते, शरीर जुळवून घेतंय की नाही यावर तिचा काही परिणाम नाही. गोळी घेतल्यावर डोकं थांबलं, सकाळी भूक लागली, चालताना तोल नीट आहे तर ठीक, लीडरशी बोलून पुढचं ठरवता येतं. गोळी घेऊनही डोकं तसंच आहे किंवा उलटी झाली तर त्या दिवशी तुम्ही वर जाणार नाही, हे आजच ठरवून ठेवा, घरी, डोकं ताळ्यावर असताना.

डायमॉक्स म्हणून उंचीचा त्रास टाळायची एक गोळी असते, तिचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगायलाच हवं. तिचं औषधी नाव अ‍ॅसिटाझोलामाइड, आणि ती वर सांगितलं ते किडनीचं काम थोडं लवकर करून देते, म्हणून ती त्रास झाकत नाही, खरंच मदत करते. त्रास टाळण्यासाठी मोठ्या माणसाला साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असं देतात. तुमचा पूर्वीचा अनुभव आणि हा प्लॅन बघता डॉक्टर तुम्हाला ती सुचवतील असं मला वाटतं, पण त्यांना भेटूनच घ्या, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल, किडनीचं काही असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर ते आधी सांगा. आणि पहिली गोळी डोंगरात घेऊ नका, घरी एक-दोन दिवस घेऊन बघा, हातापायाच्या बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, सोड्याची पेयं बेचव लागतात, हे माहीत नसलं की वर उगाच घाबरायला होतं. पण गोळी घेतेय म्हणून ७०० मीटरची उडी मारायला हरकत नाही असा हिशोब करू नका. जाताना साधी रक्ततपासणी पण करा, हिमोग्लोबिन बघा, बायकांमध्ये ते कमी असणं फार आढळतं आणि आधीच ऑक्सिजन कमी, त्यात तो वाहून नेणारं पण कमी, म्हणजे दोन्हीकडून मार.

रात्रीचं एक सांगून ठेवते, कारण पहिल्यांदा अनुभवलं की माणूस घाबरतं. उंचावर झोपेत श्वास भराभर होतो, मग एकदम थांबल्यासारखा होतो, काही सेकंद शांत, आणि मग एक मोठा श्वास घेऊन माणूस दचकून उठतं. हे खूप जणांना होतं आणि एवढ्यावरून काही बिघडलंय असं होत नाही. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी मात्र घेऊ नका आणि दारू नकोच, दोन्हीने श्वास अजून मंदावतो. पाणी नेहमीपेक्षा जास्त लागतं, पण कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सहा-सहा लिटर पिणं पण धोक्याचं, रक्तातलं सोडियम पातळ होऊन त्यानेही डोकं दुखतं, उलट्या होतात. लघवीचा रंग फिकट राहील इतपत प्या. आणि रात्री थंडीत तंबूबाहेर जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडायचं हे आपण बायका सर्रास करतो, ते करू नका, डोक्याला दिवा लावून मैत्रिणीला उठवा आणि जाऊन या.

थंडीचं थोडक्यात, दर १००० मीटरला तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं, वर वाऱ्याने अंगाला अजून गार लागतं, आणि चढताना घामाने भिजलेला सुती कपडा थांबल्यावर अंगावर बर्फासारखा होतो, म्हणून अंगाला लागून सुती काही नको. थांबलात की गार वाटायच्या आधीच जॅकेट घाला. कुडकुडणारं माणूस कुडकुडायचं थांबलं आणि गप्प गप्प झालं तर ते बरं झालेलं नसतं, त्याचं अंग आणखी गार पडत चाललेलं असू शकतं. ऊन मात्र उलट वाढतं, दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, त्यामुळे नाकाच्या खालची बाजू, हनुवटीची खालची बाजू इथे पण क्रीम लावा आणि बाजूने झाकलेला गडद गॉगल बर्फावर एक मिनिट पण काढू नका. डोळे भाजले तर ते तेव्हा कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं सुरू होतं, आणि मग खिंडीच्या वाटेवर डोळे उघडता येत नाहीत.

आता तुमचा व्यायाम. धावणं चालू ठेवा पण वाढवू नका, त्याऐवजी आठवड्यातून दोनदा सॅक पाठीवर घेऊन जिने किंवा चढ, आणि उतरण्याकडे जास्त लक्ष द्या. धावणाऱ्यांचे पाय चढायला तयार असतात, लांबलचक उतारासाठी नसतात, खिंडीनंतर हजारभर मीटर उतरताना मांड्या थरथरायला लागतात आणि ट्रेकमधल्या पडझडी, मुरगळलेले पाय बऱ्याचदा तेव्हाचे. काठ्या दोन वापरा, एक नको. महिन्यातून दोनदा तरी शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस पाच-सहा तास चाला, कारण दुसऱ्या दिवशी जड पायांनी चालायची सवय सगळ्यात उपयोगी. आणि हे तुम्हाला सगळ्यात अवघड जाईल, हळू चालायचा सराव करा. वर असताना वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, वाक्य मधे तोडून श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला. लोक पुढे जातील, जाऊ द्यात, घड्याळात पेस बघायची सवय आहे ना तुम्हाला, ते घड्याळ सॅकमध्ये टाका.

ऑक्सिमीटर सगळे हल्ली नेतात. न्या, पण त्या आकड्याला फार मान देऊ नका, ४००० च्या वर ८० ते ९० च्या मधला आकडा चांगल्या माणसात पण दिसतो, गार बोटावर यंत्र काहीही दाखवतं, आणि ८८ दाखवतंय म्हणून डोकेदुखी खोटी ठरत नाही. माणसाकडे बघा आधी, ते जेवलं का, बोलतंय का, सरळ चालतंय का.

राहिलं ते “माझ्यामुळे ग्रुप अडकतो”. ताई, हे मला कळतं, खरंच कळतं, परत येताना गाडीत सगळे फोटो बघत असतात आणि आपण खिडकीतून बाहेर. पण दोन वर्षांपूर्वी काय झालं ते नीट बघा, तुम्ही सांगितलंत, सकाळी एका गाईडबरोबर खाली आलात, बरं वाटलं, बाकीच्यांचा ट्रेक पूर्ण झाला. कुणाचंच काही अडलं नाही, म्हणजे तेव्हा जे केलंत ते अगदी बरोबर होतं. ग्रुप अडकतो तो न सांगणाऱ्यामुळे, कारण मग रात्री दोन वाजता एका माणसाला चौघांनी पाठुंगळीला घेऊन दगडांतून खाली न्यायला लागतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचीच खिंड होत नाही. शिवाय संध्याकाळी तंबूत एकाने तोंड उघडलं की अजून दोघं-तिघं हळूच म्हणतात की माझं पण दुखतंय, हे मी इतक्या वेळा बघितलंय. तुम्ही बोललात तर दुसऱ्या कुणाला तरी बोलायचा धीर येईल, आणि लीडरला निदान खरं चित्र कळेल.

आता तुम्ही या आठवड्यात त्या ट्रेकच्या लीडरला फोन करा, मेसेज नको, फोन. आधी सरळ सांगा की मला ३९०० ला त्रास झाला होता. मग विचारा की ३२०० किंवा ३९०० ला एक रात्र वाढवता येते का, एखादा माणूस आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली जायला जास्तीचा गाईड आहे का, ऑक्सिजन किती नेता आणि तो लावता कोणाला येतो, आणि ४५०० वरून गाडीरस्ता किती तासांवर. चांगला लीडर या प्रश्नांनी खूश होतो. “काही होत नाही मॅडम, आमचे सगळे जातात” असं उत्तर आलं तर पैसे बुडाले तरी चालतील, तो ट्रेक सोडा आणि जास्त दिवसांचा दुसरा शोधा. ग्रुपबरोबरच जायचं असेल पण ते दिवस वाढवायला तयार नसतील तर तुम्ही तीन दिवस आधी निघा, २५०० च्या आसपास एक रात्र आणि ३००० च्या जवळपास दोन रात्री काढा, दिवसा फिरा, आणि मग त्यांना ३२०० ला भेटा. रजेचे दिवस जातील, पण व्यायामाच्या चार महिन्यांनी जे होणार नाही ते या तीन रात्रींनी बऱ्यापैकी होईल. विमा काढताना पण ५१०० मीटरपर्यंतची उंची आणि तिथून सुटका हे दोन्ही त्यात लिहिलेलं आहे का ते वाचून घ्या, साध्या प्रवासविम्यात बऱ्याचदा नसतं.

आणि तंबूत जी तुमच्याबरोबर असेल, ओळखीची असो नसो, तिला पहिल्याच संध्याकाळी सांगा की मला आधी त्रास झालाय, मी बरी आहे असं म्हटलं तरी सकाळी मला टाच-बोट दहा पावलं चालायला लाव, आणि मी पण तुला लावणार. लीडरशी बोलणं झालं की तो काय म्हणाला ते मला लिहा, दिवस वाढत असतील तर नवीन मुक्काम आणि त्यांच्या उंची पण पाठवा, आपण बसून परत बघू.